सुतारी बाक म्हणजे टेबल नव्हे: घरच्या कार्यशाळेची सुरुवात कुठून करावी

नवा रंधा आणला, त्याच्या पात्याला धार लावली, फळी टेबलावर ठेवली आणि पहिला हात मारला, तर फळी रंध्यासकट पुढे सरकली. फळी हाताने दाबून धरली, तर टेबल सरकले. टेबल भिंतीला टेकवले, तर ते डुलू लागले आणि रंधा लाकडावर थडथडत गेला. घरी सुतारकाम शिकू पाहणाऱ्या पुष्कळांच्या वाट्याला हा अनुभव येतो. त्यावरून कोणी समजतो की आपला हात वळत नाही, तर कोणी अवजाराला दोष देतो. बऱ्याचदा दोष या दोन्हींत नसतो. ज्या टेबलावर काम चालले आहे ते त्या कामासाठी केलेलेच नसते, एवढेच खरे कारण असते.

सुतारी बाक किंवा वर्कबेंच ही वस्तू टेबलासारखी दिसते, म्हणून तिच्याविषयी गैरसमज होतात. चार पाय आणि वर एक सपाट फळी एवढ्यासाठी इतकी जाडी, इतके वजन आणि इतकी खटपट कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मिळाले की कार्यशाळेतल्या इतर बऱ्याच गोष्टींची उत्तरे त्याच धाग्याने सापडत जातात.

## ठेवण्याची जागा आणि धरण्याचे साधन

टेबलावर आपण वस्तू ठेवतो. त्या वस्तूचे वजन सरळ खाली जाते आणि टेबलाचे पाय ते जमिनीपर्यंत पोहोचवतात. सामान्य टेबल एवढ्याच कामासाठी केलेले असते आणि ते काम ते उत्तम करते. बाकावर मात्र आपण लाकूड ठेवून थांबत नाही, त्याच्यावर जोर लावतो. हा जोर दर वेळी खालीच जात नाही. तो पुढे, मागे, आडवा, कधी झटक्याने, तर कधी सलग लागतो, आणि त्या सगळ्या काळात लाकूड जागचे तसूभरही हलता कामा नये अशी अपेक्षा असते. म्हणून बाकाला फर्निचर न मानता रंधा आणि करवत यांच्यासारखेच एक अवजार मानावे, असे मला वाटते. इतर अवजारे कापतात, हे अवजार धरते.

जोर कोणत्या दिशेने लागतो, हे अवजारावर ठरते. रंधा मारताना तो बाकाच्या लांबीच्या दिशेने, जमिनीला समांतर लागतो. करवत चालवताना तो पुढे-मागे बदलत राहतो आणि त्यामुळे बाकाला हिसके बसतात. पटाशीवर (लाकूड कोरण्याच्या छिन्नीवर) मोगरी (लाकडी हातोडा) मारून खाच पाडताना तो सरळ खाली, ठोक्याठोक्याने येतो. लोहार हवेत लोंबकळणाऱ्या लोखंडावर घण घालत नाही, त्याला खाली ऐरण लागते. ऐरण नसेल तर ठोक्यातली ताकद लोखंड आकारण्याऐवजी ते हलवण्यातच खर्च होते. बाकाचेही तसेच आहे. जो बाक ठोक्यासरशी लवतो किंवा उसळतो, तो आपल्या कष्टातला काही भाग गिळून टाकतो. त्यामुळे खाच पाडायची तर लाकूड बाकाच्या मधोमध न ठेवता पायाच्या बरोबर वर ठेवावे. तिथे खाली जमिनीपर्यंत सलग आधार असतो आणि पटाशी प्रत्येक ठोक्याला खोल उतरते.

## वजनाचा हिशोब

जमिनीवर उभी असलेली वस्तू आडव्या जोराने सरकू नये, यासाठी तिचे वजन आणि तिच्या पायांचे जमिनीशी होणारे घर्षण एवढ्या दोनच गोष्टी आपल्या बाजूने असतात. हे घर्षण अंदाजाने वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके धरले, तर २० किलोचे टेबल ६ ते ७ किलो आडव्या जोरापुढे हार मानेल. १०० किलोचा बाक ३० किलोंहून अधिक जोर सोसेल. रंध्याचा जाड कीस काढताना माणूस अंगाचा भार पुढे टाकतो, तेव्हा ६-७ किलोंची मर्यादा कधीच मागे पडते.

हे वजन बहुतांशी वरच्या फळीतून येते. १.८ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ७५ मिलिमीटर जाड सागवानी फळीचे वजन, सागाची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलो धरली तर, ५० किलोंच्या थोडे पुढे जाते. पाय आणि आडव्या पट्ट्यांचे वजन वेगळे. बाक हलकाच असेल, तर खालच्या फडताळावर अवजारांची पेटी किंवा वाळूच्या पिशव्या ठेवून वजन वाढवता येते आणि पायांखाली रबराचे तुकडे लावून घर्षण वाढवता येते. दोन्ही उपाय साधे आणि खरोखर गुणकारी आहेत.

## डुलणारा बाक आणि रिकामी काडेपेटी

सरकणे ही एक अडचण झाली. डुलणे ही तिच्याहून वेगळी आणि अधिक त्रासदायक अडचण आहे, कारण तिच्यावर वजनाचा उपाय चालत नाही.

काडेपेटीतला आतला खण काढून घ्या आणि बाहेरचे टरफल बोटांनी एका बाजूने हलकेच रेटा. त्याचा चौकोन तिरका होऊन चपटा होतो. टरफलाच्या चारही बाजू शाबूत असतात, त्या फक्त कोपऱ्यांतून वळतात. आता खण पुन्हा आत सरकवा आणि तसाच जोर लावून पाहा. टरफल हलणार नाही, कारण आतला खण कोपऱ्यांना वळू देत नाही. चौकोनी सांगाडा कोपऱ्यांवर सहज मोडतो आणि त्रिकोण मोडत नाही, हा भूमितीचा नियम पूल बांधणारे, छप्पर घालणारे आणि सायकल बनवणारे सगळेच पाळतात.

बाकाचे दोन पाय, वरची फळी आणि खालची जमीन मिळून असाच एक चौकोन होतो. माझा पहिला बाक डुलत असे. वरची फळी पातळ असल्यामुळे असे होत असावे, असे समजून मी तिच्यावर आणखी एक थर चढवला. डुलणे तसूभरही कमी झाले नाही, उलट वर वजन वाढल्याने हेलकावा अधिक जाणवू लागला. पुढे मागच्या दोन पायांमध्ये प्लायवूडचा एक रुंद तुकडा गोंद आणि स्क्रू लावून बसवला, तेव्हा तो एका दुपारीत स्थिर झाला. तो तुकडा म्हणजे काडेपेटीतला खण होता.

हे काम इतर मार्गांनीही साधते. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या रुंद घेऊन त्या खाच आणि कुसू (खाचेत घट्ट बसणारे दुसऱ्या लाकडाचे निमुळते केलेले टोक) यांच्या घट्ट सांध्याने बसवता येतात. वरच्या फळीलगत पुढे आणि मागे रुंद फळ्या उभ्या लावता येतात, किंवा कर्णरेषेत एक तिरका दांडा टाकता येतो. बाक भिंतीला बोल्टने जखडला, तर भिंतच तो खण होते. पट्टी अरुंद असेल तर ती कोपऱ्याला अगदी लहान जागेत धरते आणि थोड्याच दिवसांत सांधा सैल पडतो. म्हणून पट्टीच्या जाडीपेक्षा तिच्या रुंदीकडे लक्ष द्यावे.

## जाडीचे गणित

फळी मध्यभागी किती वाकेल, हे तिच्या जाडीवर अवलंबून असते, आणि हा संबंध सरळ गुणाकाराचा नसून घनाचा आहे. जाडी दुप्पट केली की ताठपणा ८ पट होतो, आणि चौपट केली की ६४ पट. जुन्या सुतारांनी बाकाला जाड फळी वापरली त्यामागे हे सूत्र त्यांना पाठ होते असे नाही, पण त्याचा परिणाम त्यांना अनुभवाने ठाऊक होता. १८ व्या शतकात फ्रेंच सुतार आंद्रे रूबो याने वर्णन केलेल्या बाकाची फळी आजच्या हिशोबाने १२ सेंटीमीटरच्याही पुढे जाते. घरच्या कामाला इतक्या जाडीची गरज नाही. ७० ते ९० मिलिमीटर जाडी पुरेशी होते.

पातळ थर एकावर एक चढवून ही जाडी मिळवता येते, पण एका अटीवर. एखादी वही हातात घेऊन वाकवली तर ती सहज वाकते, कारण तिची पाने एकमेकांवरून घसरतात. तीच पाने एकमेकांना गोंदाने पूर्ण चिकटवली तर त्यांची एक कडक पाटी होते. प्लायवूडचे दोन थर नुसते स्क्रूने एकमेकांवर आवळले तर ताठपणा दुपटीहून फारसा पुढे जात नाही. तेच थर पूर्ण पृष्ठभागावर गोंद पसरून जोडले तरच तो आठपट होतो.

## लाकूड कोणते घ्यावे?

या बाबतीत नवशिक्यांना उगाच धास्ती वाटते. नीट सुकलेले, सरळ आणि फार गाठी नसलेले कोणतेही लाकूड चालते. पाइनसारखे मऊ लाकूड हलके असले तरी जाडी वाढवून ती उणीव भरून काढता येते. शिवाय फार कठीण लाकडाचा बाक मऊ कामावर वळ उमटवतो, आणि वळ उमटायचाच असेल तर तो बाकावर उमटलेला बरा.

लाकूड हवेतला दमटपणा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, ही गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यावी. हा बदल तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ होतच नाही, रुंदीच्या दिशेने होतो. ६० सेंटीमीटर रुंदीची अखंड सागवानी फळी वर्षभरातल्या दमट आणि कोरड्या दिवसांत २ ते ५ मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. म्हणून ती खालच्या सांगाड्याला सगळीकडून घट्ट आवळू नये. एका कडेला पक्की करावी आणि बाकीचे स्क्रू लांबट भोकांतून घालावेत, म्हणजे फळीला श्वास घ्यायला जागा राहते. अशी मोकळीक नसेल तर एक तर ती तडकते किंवा सांगाडा ओढून वाकडा करते. प्लायवूडमध्ये थरांचे तंतू एकाआड एक काटकोनात असल्यामुळे ही अडचण फारशी येत नाही.

## फळी धरायची कशी?

बाक जड आणि स्थिर झाला तरी कामाची फळी त्याच्यावरून घसरतेच. तिला धरण्याची युक्ती हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे.

कामाची फळी तीन प्रकारांनी धरावी लागते: आडवी (तिचे रुंद अंग वर करून), कडेवर उभी आणि टोकावर उभी. आडव्या फळीला रंधा मारायचा असेल तर सहसा तिला आवळण्याची गरजच नसते. पुढे एक अडसर पुरतो, कारण रंधा स्वतःच तिला त्या अडसरावर दाबत राहतो. बाकाच्या भोकात घट्ट बसणारा आणि ठोकून वर-खाली करता येणारा लाकडी ठोकळा हे काम करतो. त्याहून अधिक पकड हवी असेल तर बाकावर सुमारे १९ मिलिमीटर व्यासाच्या भोकांची रांग पाडतात आणि त्यांत खुंट्या बसवतात. या खुंट्यांना डॉग म्हणतात.

याच भोकांत होल्डफास्ट नावाचा लोखंडी आकडा वापरता येतो. त्याची दांडी भोकापेक्षा किंचित बारीक असते आणि वरचा वाकलेला हात फळीवर टेकतो. वरून मोगरीचा एक ठोका दिला की फळी जखडली जाते आणि दांडीला मागून एक ठोका दिला की सुटते. यात स्क्रू नाही आणि स्प्रिंगही नाही. टेबलाचा खण एकाच बाजूने ओढला की तो तिरका होऊन अडकतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. दांडी भोकात तशीच तिरकी होऊन वरच्या आणि खालच्या काठाशी अडकते. घरात त्रास देणारी हीच गोष्ट इथे पकड म्हणून उपयोगी पडते. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन नगरातल्या एका भित्तिचित्रात बाकावर असा आकडा दाखवलेला आहे. दोन हजार वर्षांत त्याला फारसे काही बदलावे लागलेले नाही.

कडेवर उभी फळी धरायला पुढच्या बाजूचा व्हाइस लागतो, म्हणजे स्क्रूने जवळ येणारे दोन जबडे. सामान्य टेबलाची वरची फळी पायांच्या पुढे आलेली असते, त्यामुळे लांब फळीचे दुसरे टोक अधांतरी राहते. सुतारी बाकात वरच्या फळीची पुढची कड आणि पायांचे पुढचे अंग एकाच सपाटीत ठेवतात. मग लांब फळीचे एक टोक व्हाइसमध्ये राहते आणि दुसरे टोक पायात घातलेल्या खुंटीवर विसावते. बाक स्वतः करणाऱ्याने हा एक मुद्दा विसरू नये, कारण तो नंतर दुरुस्त करणे अवघड जाते.

व्हाइसच्या एकाच बाजूला लाकूड आवळले तर त्याचे जबडे तिरके होतात आणि पकड ढिली पडते. दुसऱ्या बाजूला तितक्याच जाडीचा तुकडा घातला की जबडे समांतर राहतात.

## उंची

ताठ उभे राहून हात सैल सोडावेत. करंगळीच्या मुळाशी असलेला सांधा आणि मनगट यांच्या दरम्यानची उंची रंध्याच्या कामाला योग्य ठरते. मध्यम उंचीच्या माणसासाठी ती साधारण ७५ ते ८५ सेंटीमीटर येते. यामागचे कारण असे की रंधा दंडाच्या जोराने न चालवता पाय आणि कंबर यांच्या जोराने चालवायचा असतो, आणि बाक उंच असेल तर अंगाचा भार अवजारावर येतच नाही. बारीक सांधे कापताना मात्र डोळे कामाच्या जवळ हवेत, म्हणून तिथे १५ सेंटीमीटर अधिक उंची सोयीची असते. एकाच बाकाने दोन्ही साधत नाही. बाक रंध्याच्या उंचीचा ठेवून सांध्यांच्या कामासाठी त्याच्यावर आवळता येणारी छोटी बैठक करावी, हा मला सर्वांत समंजस मार्ग वाटतो. उंच बाक कमी करण्यासाठी पाय कापता येतात, पण ठेंगणा बाक पायांखाली ठोकळे घालून वाढवला तर त्याची स्थिरता जाते. म्हणून शंका असेल तर पाय थोडे लांबच ठेवावेत.

## “बाक करायलाच बाक लागतो, मग सुरुवात कशी करायची?”

हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून वाट निघते. २४४० बाय १२२० मिलिमीटरचे, १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूडचे दोन ताव घ्यावेत आणि प्रत्येकातून १८०० बाय ६०० मिलिमीटरचे दोन तुकडे दुकानातच कापून घ्यावेत. हे चार तुकडे गोंदाने एकमेकांवर चढवले की ७२ मिलिमीटर जाडीची फळी तयार होते. प्रत्येक तावातून सुमारे ६४ सेंटीमीटर रुंदीचा मोठा तुकडा उरतो. त्यांतल्या एकाचा मागचा आडवा आधार होतो आणि दुसऱ्याचे खालचे फडताळ.

थर चिकटवताना ते सपाट जमिनीवरच ठेवावेत, कारण गोंद सुकताना फळी ज्या आकारात असते तोच आकार ती कायमचा धरते. थर आवळायला तात्पुरते स्क्रू वापरावेत आणि गोंद सुकल्यावर ते काढून टाकावेत, नाहीतर पुढे भोके पाडताना गिरमिट लोखंडावर आपटते. सांगाडा या फळीवर उलटा ठेवून जोडावा. इथपर्यंतच्या कामाला जमीन पुरते.

## “मी तर विजेवर चालणारी अवजारे वापरणार आहे”

तरीही धरण्याची गरज संपत नाही. राउटर (खाचा आणि कडा कोरणारे यंत्र) लाकडाला बाजूला ढकलतो, जिगसॉ (वळणे कापणारी विजेची करवत) त्याला वर-खाली हादरवते आणि सँडर (पॉलिश-कागदाने घासणारे यंत्र) त्याला बाकावरून फिरवत नेतो. एका हाताने लाकूड धरून दुसऱ्या हाताने यंत्र चालवणे धोक्याचे आहे. चांगला बाक दोन्ही हात यंत्रावर ठेवू देतो. सगळेच काम यंत्रांवर होणार असेल, तर वरच्या फळीची कड निदान एका बाजूला पायांच्या बाहेर ५ ते ७ सेंटीमीटर ठेवावी, म्हणजे क्लॅम्प (लाकूड आवळून धरणारे चाप) कुठेही लावता येतात.

## “घरात एवढी जागा कुठे आहे?”

१.२ मीटर लांब आणि ५० सेंटीमीटर रुंद बाक भिंतीला जखडला तर त्यावर खुर्ची, पेटी किंवा लहान कपाट करता येते. जागा मोजताना मात्र फक्त बाकाची जागा मोजू नये. रंधा फळीच्या टोकाबाहेर जातो आणि माणूस त्याच्याबरोबर पाऊल टाकतो, म्हणून दोन्ही टोकांना मोकळी जागा हवी.

घडीचा बाकही पुष्कळांना उपयोगी पडला आहे. लोटस इलान या मोटारीची रचना करणारे रॉन हिकमन कपाट करत असताना खुर्चीचाच बाक करून बसले आणि त्यांच्याकडून ती खुर्चीच कापली गेली. त्यातून १९६० च्या दशकात त्यांनी घडीच्या बाकाची कल्पना आकाराला आणली, जिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन ब्लॅक अँड डेकरने १९७० च्या दशकात सुरू केले. त्याच्या खालच्या पायरीवर एक पाय ठेवून काम करायचे असते, म्हणजे बाकाचे कमी पडणारे वजन माणूस स्वतःच्या वजनाने भरून काढतो.

## खोलीची तयारी

बाकानंतर खोलीकडे वळावे. उजेड शक्यतो बाजूने यावा. तिरप्या उजेडात लाकडावरचे उंचवटे आणि ओरखडे स्पष्ट दिसतात, तर डोक्यावरच्या दिव्यात तेच लपतात. धार लावण्याची जागा बाकापासून वेगळी असावी, कारण धारेच्या दगडावरचा काळा गाळ लाकडाला डाग पाडतो.

धुळीविषयी मी आग्रहाने सांगेन. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, आणि तिचा संबंध मुख्यतः नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगाशी आहे. जमिनीवर दिसणारा भुसा फारसा घातक नसतो. डोळ्यांना न दिसणारी, तासन्‌तास हवेत तरंगणारी बारीक धूळ घातक असते, आणि ती मुख्यतः सँडर व वेगाने फिरणाऱ्या पात्यांतून येते. म्हणून धूळ निघते तिथेच व्हॅक्यूमने ओढून घ्यावी, चांगला मास्क लावावा आणि काम संपल्यावरही काही वेळ तो काढू नये. रंधा धूळ न करता कीस काढतो. राहत्या घरात हातअवजारांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आवाजाचेही तसेच आहे. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपर्यंत सोसता येतो आणि दर ३ डेसिबलांना ही वेळ निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात, आणि फिरणारी करवत सहज तिथवर जाते. यंत्र सुरू करण्याआधी कानांवर संरक्षण चढवावे. फिरणाऱ्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत, कारण कापड पात्यात गुंतले की हातही ओढला जातो. वीजजोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक स्विच असावे. गुंडाळलेली लांब वायर भार पडल्यावर तापते, म्हणून ती पूर्ण उलगडूनच वापरावी.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. हे तेल सुकते म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते आणि त्यातून उष्णता निघते. चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आतच साचते आणि ठिणगीशिवाय आग लागू शकते. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

## वापरात आल्यावर

बाकाला वार्निश लावू नये, त्यावर कामाचे लाकूड घसरते. तेलाचा एक पातळ हात पुरतो. अखंड लाकडाच्या बाकाने कोरडे आणि दमट असे दोन्ही दिवस एकदा पाहिले की दोन सरळ, सारख्या उंचीच्या पट्ट्या त्याच्या दोन टोकांना उभ्या ठेवून एका टोकाकडून डोळा लावून पाहावे. त्यांच्या वरच्या कडा समांतर दिसत नसतील तर फळी पिळली आहे, आणि तिचे उंच कोपरे रंध्याने उतरवावेत. प्लायवूडच्या बाकाला मात्र रंधा लावू नये, कारण वरचा पातळ थर निघून जातो. तिथे सांगाड्याखाली पाचर घालूनच सपाटी साधावी. रंधा मारण्यापूर्वी व्हाइसचा लोखंडी जबडा बाकाच्या सपाटीपेक्षा काही मिलिमीटर खाली आहे, याची खात्री करून घ्यावी, नाहीतर रंध्याचे पाते त्यावर आपटून धार जाते.